आबांचे पाय उंबऱ्यात अडतात, हौद्यात अडत नाहीत. असं का होत असेल?

कुंभीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमचे आबा ७३ वर्षांचे. विशीत असताना कोल्हापुरात गंगावेशेकडच्या एका तालमीत राहून मेहनत केलेले. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणायचा, मग लढत. ते सगळं सुटून चाळीस वर्षं होऊन गेली. सहा वर्षांपूर्वी कंपवाताचं (पार्किन्सन्सचं) निदान झालं. गोळ्या वेळच्या वेळी चालू आहेत. हात थरथरतो त्याचं त्यांना फारसं वाटत नाही. जीव मेटाकुटीला येतो तो उंबऱ्यापाशी. सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना पाय खिळल्यासारखे होतात. वरचं अंग पुढं झुकतं, पाय तिथंच. "आबा, चला की" म्हटलं की आणखी घट्ट.

गेल्या रविवारी त्यांच्या आग्रहाखातर जुन्या तालमीत घेऊन गेलो. हौद्याच्या काठाशी मी दंड धरून उभा होतो. त्यांनी माझा हात सोडवला. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, उजवा पाय आत टाकला, शड्डू ठोकला आणि गुडघे वाकवून पवित्र्यात उभे राहिले. वस्तादांनी एका पोराला खूण केली. त्यानं हात पुढं केला आणि आबांनी त्याचं मनगट धरून खडाखडी सुरू केली. पाऊल पुढं, मागं, बाजूला. एकदाही अडले नाहीत. मला हुंदका आवरेना.

बाहेर पडताना तालमीच्या दारात पाय पुन्हा खिळले.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. चालणं माणसाला कुणी शिकवत नाही, वय झालं की मूल चालतं. कुस्तीचा पवित्रा मात्र वस्तादाच्या काठीखाली शिकावा लागतो. मग जन्माबरोबर आलेलं अडतं आणि शिकलेलं कसं चालतं? एकामागून एक हालचालींचा हा क्रम मेंदूत असतो तरी कुठं? जाणकारांनी सांगावं. अनुभव असतील तर तेही लिहा.

दूधकट्टा

आबांना दंडवत सांगा भावा. वाचताना अंगावर काटा आला.

बुलेटवाला

मेंदूतलं मला कळत नाही, पायातलं सांगतो.

माझी जुनी बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बावीस वर्षं तीच चालवली. पाच वर्षांपूर्वी पोरानं नवी मोटरसायकल घेतली. तिचं उलटं, गिअर डावीकडं, ब्रेक उजवीकडं. सावकाश चालवताना काही अडचण नाही, महिन्याभरात सवय झाली असं वाटलं. एक दिवस दाभोळकर कॉर्नरला रिक्षा आडवी आली. विचार करायला वेळच नव्हता. माझा डावा पाय जीव खाऊन खाली गेला. ब्रेकच्या जागी गिअर खाली पडला, गाडीनं हिसका दिला. हातातल्या ब्रेकनं वाचलो.

म्हणजे नवं शिकलो होतो, पण जुनं पुसलं गेलं नव्हतं. घाई झाली की जुनं आधी पोचतं. आबांचं तसंच असणार. खडाखडी पायात आहे, ती कुठं जाते?

निवांत

यालाच 'मसल मेमरी' म्हणतात ना? स्नायूंना सगळं लक्षात राहतं.

विज्ञानाचे_सर

निवांत, शब्द रूढ आहे, पण स्नायूत क्रम साठत नाही. मेहनतीनं स्नायू जाड होतात, बळकट होतात. आधी कोणता आखडायचा आणि मग कोणता, हे ठरतं मेंदूत आणि मज्जारज्जूत. निवृत्त शिक्षक आहे, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पूर्वी असं मानायचे की क्रम म्हणजे साखळी. पहिली हालचाल झाली की तिची जाणीव मेंदूला पोचते, त्यातून दुसरी सुटते, दुसरीतून तिसरी. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली छापलेल्या निबंधात त्याला हरकत घेतली. पियानो वाजवणाऱ्याची बोटं इतकी झरझर पडतात की एका बोटाची खबर मेंदूत जाऊन पुढचा हुकूम सुटेपर्यंत पुढची बोटं पडून गेलेली असतात. म्हणजे क्रमाचा आराखडा आधीच तयार असला पाहिजे. हलगीवाल्याच्या काड्या बघा, मुद्दा पटेल.

आता 'कुठं' या प्रश्नाकडं येतो. उंदीर तोंड पुसतो ते पाहिलंय? पुढच्या दोन पायांनी आधी नाकाभोवती बारीक झरझर फटके, मग मिशांवर छोटे छोटे, मग कानामागून मोठे, आणि शेवटी अंग चाटणं. पाचएक सेकंदांत पंचवीसेक हालचाली, ठरलेल्या क्रमानं. हे त्याला कुणी शिकवत नाही. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. त्यातला एक छोटा भाग निकामी झाला तर उंदीर प्रत्येक हालचाल नीट करू शकतो, पण हा ठरलेला क्रम तडीस नेऊ शकत नाही. मणी शाबूत, ओवणारा दोरा तुटलेला.

स्ट्रायटम हा बेसल गँग्लिया या मेंदूतल्या खोल केंद्रांच्या समूहाचा भाग. त्याला डोपामिन हे रसायन पुरवणाऱ्या पेशी मरत जातात तेव्हा कंपवात होतो. म्हणजे आबांच्या दुखण्याचं आणि या दोऱ्याचं गाव एकच.

कुंभीकाठचा

सर, मणी आणि दोरा नीट समजलं. पण मग गुंता वाढला. दोरा तिथंच असेल तर कुस्तीचा दोरा कसा काय टिकला?

नव्या_बाळाची_आई

मध्येच एक विचारते. माझी मुलगी तीन दिवसांची असताना डॉक्टरांनी तिला काखेत धरून पाय टेबलाला टेकवले, तर ती चक्क पावलं टाकू लागली! सासूबाई म्हणाल्या, पोर लवकर चालणार. आता अडीच महिन्यांची आहे. तसंच धरलं तर पाय हलवतच नाही. येत होतं ते विसरली का ही?

विज्ञानाचे_सर

विसरली नाही, ताई. सगळ्याच बाळांचं होतं हे. एस्थर थेलन यांनी १९८४ मध्ये यावर सुंदर काम प्रसिद्ध केलं. या वयात बाळाच्या मांड्यांवर चरबी भराभर चढते, तेवढा भार उचलायची ताकद अजून आलेली नसते. त्यांनी अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं. पाय हलके झाले आणि पावलं परत आली. उताणी झोपून मुलगी पाय मारते ना, बघा, त्याचीही लय पावलांसारखीच असते.

नव्या_बाळाची_आई

सर, आत्ता जाऊन बघितलं. डावा-उजवा, डावा-उजवा. तासभर बघत बसले.

दूधकट्टा

आमच्या गोठ्यात रेडकू जन्मलं की तासा-दोन तासांत धडपडत उभं राहतं आणि आचळ शोधतं. त्याला वस्ताद नाही की काठी नाही. माणसाच्या पोराला वर्ष का लागतं मग?

आणखी एक. दूध कट्ट्यावर भर गर्दीत म्हशी उभ्या असतात, गाड्यांचे हॉर्न, माणसांची झुंबड. तरी पान्हा सोडतात. पण नवी म्हैस आणली की पहिले काही दिवस चोरते. पान्हा ही जन्माची गोष्ट. कुठं, कुणासमोर सोडायचा ही शिकलेली.

चिवट

पान्हा म्हणजे हालचालींचा क्रम नव्हे, दूधकट्टा. तो संप्रेरकाचा खेळ आहे. मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कासेतलं दूध खाली येतं. सरांचा विषय वेगळा आहे.

दूधकट्टा

असंल. पण बादलीचा आवाज ऐकून धार काढायच्या आधीच आचळ ताठ होतात, ते शिकल्याशिवाय होतं का? जन्माचं आणि शिकलेलं एका दाव्याला बांधलेलं असतं, एवढंच म्हणायचं होतं मला.

विज्ञानाचे_सर

दोघांचंही बरोबर आहे. पण दूधकट्टा जे शेवटी बोलले ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण धागाकर्त्याच्या प्रश्नात या दोन गोष्टी दोन वेगळ्या पेट्यांत ठेवल्या आहेत.

रेडकाबद्दल: म्हशीचं पिल्लू पोटात बरंच तयार होऊन येतं. माणसाचं मूल मेंदू पुष्कळ कच्चा असतानाच जन्माला येतं. पाऊल टाकायची लय मात्र दोघांच्याही मज्जारज्जूत बसवलेली असते. थॉमस ग्रॅहम ब्राऊन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मेंदूशी संबंध तोडला आणि पायांकडून येणारी जाणीवही काढून घेतली, तरी मज्जारज्जू एकटा चालण्यासारखी लय काढू शकतो.

तांबडा_पांढरा

कोंबडीवाल्याकडं मान कापलेली कोंबडी पळते ती यामुळंच का? लहानपणी बघून रात्रभर झोप लागली नव्हती. चाळीस वर्षांनी कारण कळलं.

विज्ञानाचे_सर

होय, त्यामुळंच.

पक्षीवेडा_राधानगरी

पक्ष्यांचं सांगू का? कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. पिल्लू कावळ्याच्या चोचीतून खातं, दिवसभर कावकाव ऐकतं. मोठं झालं की नर गातो ते कुहूच. म्हणजे गाणं घेऊनच आलेला.

याउलट झेब्रा फिंच. मूळ ऑस्ट्रेलियातला, आपल्याकडं पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पक्षी. त्याचं पिल्लू बापाचं ऐकून शिकतं. आधी बोबडं, मग हळूहळू पक्कं. त्याच्या मेंदूत एचव्हीसी नावाचं केंद्र आहे. मायकल लाँग आणि मायकल फी यांनी २००८ मध्ये ते केंद्र किंचित थंड केलं, तर सगळं गाणं संथ झालं. सूर तेच, क्रम तोच, गती कमी. घड्याळ तिथं आहे हे त्यावरून कळलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस मी दुसरं काही बोलत नव्हतो.

आणि तरी फिंच कुणाचंही गाणं शिकत नाही, आपल्या जातीचं गाणं त्याला सोपं जातं. म्हणजे शिकायचं काय याचीही थोडी आखणी जन्मजात.

गुऱ्हाळाची_पोर

आमच्याकडं कुत्रा आहे. दारात गुळगुळीत फरशी, तरी झोपायच्या आधी तीन गिरक्या घेतो आणि नखांनी फरशी उकरतो. माती नाही, गवत नाही. तरी उकरतोच.

पक्षीवेडा_राधानगरी

ताई, याच प्रकारावर कॉनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३८ मध्ये लिहिलं. हंसाच्या जातीतली ग्रेलॅग बदकं. अंडं घरट्याबाहेर घरंगळलं की मादी मान लांब करून चोचीखाली घेऊन ते परत ओढते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी मान आत ओढून घेण्याची क्रिया ती पुरी करते. मात्र अंडं डावी-उजवीकडं कलू नये म्हणून चोचीचं जे तोलणं चालतं, ते अंडं नसेल तर थांबतं. एकाच क्रियेतला एक भाग आंधळा, एक भाग डोळस. दोघांना १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं.

गुऱ्हाळाची_पोर

मला मात्र हे सगळं एकाच टोपलीत घालणं पटत नाही. कुत्र्याच्या गिरक्या, बदकाची मान, आबांची खडाखडी?

माझे आजोबा गुळव्या होते. काहिलीत रस उकळायचा, मळी काढायची, फेसाचा रंग बघायचा, आणि नेमक्या क्षणी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघायची. पाकाचं 'आलं' म्हणणं आणि काहील उतरवणं यात श्वासाचं अंतर. त्यांना विचारलं, कसं कळतं? तर म्हणायचे, हाताला कळतं. पण ऊस वेगळा असला, पावसात भिजलेला असला, तर तेच आजोबा थांबायचे, विचार करायचे, क्रम बदलायचे. बदक थांबून विचार करत नाही. शिकलेल्या क्रमाला जाग असते. ही मोठी गोष्ट आहे आणि ती हरवू नये.

विज्ञानाचे_सर

तुमच्या आजोबांबद्दल वाचून आनंद झाला. मुद्दाही मान्य. शिकताना मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, जागा असतो. अडलं की तो पुन्हा पुढं येतो. घट्ट मुरलेल्या क्रमाचं मात्र वेगळं दिसतं. हार्वर्डमध्ये बेन्स ओल्वेत्स्की यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की ठरावीक अंतर राखून कळ दोनदा दाबायला उंदरांना शिकवलं आणि मग हालचालींचा कॉर्टेक्स काढून टाकला, तर शिकलेलं शाबूत राहतं. शिकण्याआधीच काढला तर ते शिकतच नाहीत.

एमआयटीत ॲन ग्रेबिएल यांच्या गटानं स्ट्रायटममधल्या पेशी ऐकल्या. उंदीर चक्रव्यूहात वळणाची वाट शिकत असताना सुरुवातीला पेशी संपूर्ण वाटभर बोलतात. वाट अंगवळणी पडली की मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला बोलतात. मधला सगळा भाग एक गाठोडं होतो.

पाटी_पेन्सिल

गाठोड्याचा अनुभव मला रोज येतो. मला कुणी "सतरा सत्ते?" विचारलं तर थेट येत नाही. सतरा एके सतरापासून गाडी सोडावी लागते, मग ११९ ला आपोआप थांबते. माझ्या आईलाही तसंच. एटीएमचा आकडा तोंडी सांगता येत नाही, बोटं कळांवर ठेवली की येतो.

बुलेटवाला

माझी किक पण तशीच. मध्ये कुणी हाक मारली की पहिल्यापासून.

सध्या_पुण्यात

शिकलेलं आठवणीशिवायही राहतं बरं. हेन्री मोलायसन नावाचा एक अमेरिकन माणूस होता. १९५३ मध्ये फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी धरणारा भाग, बराचसा काढला आणि त्याला नवी आठवण धरता येईना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईदार झाला. पण दर दिवशी त्याला वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय. हात शिकत होता, माणसाला पत्ता नव्हता. लहानपणी मर्दानी खेळात लाठीचे हात शिकलो होतो. वीस वर्षांनी गावच्या मिरवणुकीत लाठी हातात आली तेव्हा हेच वाटलं. एकही हात आठवत नव्हता, आणि एकही चुकला नाही.

फिजिओताई

धागा उशिरा पाहिला. मी कंपवाताच्या रुग्णांसोबत काम करते, म्हणून मूळ प्रश्नाकडं परत येते.

कुंभीकाठचा, तुमच्या मनात गुंता झालाय तो खराच गुंता आहे. कंपवातात स्ट्रायटमचा जो भाग आधी कोरडा पडतो तोच सवयीच्या, आपोआप होणाऱ्या हालचालींचा. त्या हिशेबानं आबांची खडाखडी आधी जायला हवी होती. मग ती कशी झाली? माझ्या मते ती आपोआप झालेलीच नाही. हौद्याच्या काठाची रेघ डोळ्यांना दिसली. मातीचा गार स्पर्श हाताला झाला. समोरच्या पोराचं मनगट मुठीत आलं, तो सरकला तसे आबा सरकले. प्रत्येक पावलाला बाहेरून बोलावणं होतं. आतून सुरुवात करायची वाट बिघडलेली असताना बाहेरच्या खुणेवर पाऊल टाकायची वाट पुष्कळदा चालू असते. ती डोळ्यांकडून आणि लहान मेंदूकडून येते.

घरात सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना कुणी बोलावत नाही. आतूनच सुरू करायचं असतं. पाऊल टाकायची लय मज्जारज्जूत आहेच, ती सोडणारा हात अडखळतो. अरुंद जागा, दार, वळण इथं जास्त. आणि "चला की" म्हणून घाई केली की आणखी अडतं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

हे नवलाचं असलं तरी एकट्या आबांचं नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एका ५८ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. दहा वर्षांचा कंपवात. चार पावलं टाकताना पडणारा माणूस सायकलवर बसवला की सरळ चालवत जायचा. उतरला की पुन्हा खिळायचा.

करून बघा: उंबऱ्याच्या आधी आणि नंतर जमिनीवर आडव्या पट्ट्या, एका पावलाच्या अंतरानं, फरशीपेक्षा ठळक रंगाच्या. "चला" म्हणू नका, "पट्टीवर पाय" म्हणा. सोबत एक जण हवाच, पडणं फार महाग पडतं. तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. तालमीत न्या, पण खडाखडी कुणाला तरी धरून, मऊ मातीत आणि वस्तादांच्या नजरेखालीच.

चिवट

ताई, पट्ट्या ठीक, पण हौद्यात आबांचं मन जागं झालं होतं त्याचं काय? सगळं रेघेवर आणि मनगटावर टाकून कसं चालेल?

फिजिओताई

त्याचं वजन मोठं आहे, नाकारत नाही. घराला आग लागल्यावर खिळलेला रुग्ण धावत सुटतो असे दाखले आहेत. पण उमेद रोज सकाळी सात वाजता उंबऱ्यापाशी हजर करता येत नाही. पट्टी चिकटवता येते.

कुंभीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय.

पिवळ्या चिकटपट्टीच्या पाच पट्ट्या लावल्या. पहिल्या दिवशी आबांनी बघितलं आणि विचारलं, "हे काय, मैदान आखलंय?" दुसऱ्या दिवसापासून फरक दिसायला लागला. सोपा ते स्वयंपाकघर बहुतेक वेळा न अडता जातात. न्हाणीत अजून अडतात. तिथं वळावं लागतं आणि जागा अरुंद आहे.

मोबाइलवर हलगी लावून बघितली. कुस्तीची हलगी फार जलद, पाय गोंधळले. बंद केली. मग आईनं लेझीमची संथ चाल टाळ्यांवर धरली, ती चांगली जमली.

आणि एक गोष्ट कुणीच सुचवली नव्हती. परवा पट्टीपाशी येऊनही पाय उठेना. आबा क्षणभर थांबले, मांडीवर एक शड्डू ठोकला आणि उजवा पाय आत टाकला. आता अडलं की तेच करतात. स्वयंपाकघरातून थाप ऐकू आली की आई ताट वाढायला घेते.

फिजिओताई, हे चालू द्यावं का? तोल जाईल अशी भीती वाटते. आणि पट्ट्या फरशी पुसताना निघतात, त्याला काय करावं?

फिजिओताई

चालू द्या! स्वतःच स्वतःला खूण करणं आम्ही महिनोन्महिने शिकवतो, त्यांनी ते तालमीतून आणलं. फक्त ठोकताना दुसरा हात भिंतीला किंवा कठड्याला असू दे. न्हाणीत एकदम गिरकी नको, चार पावलांचा मोठा वळसा शिकवा, जागा नसेल तर भिंतीला धरायचा दांडा बसवून घ्या.

बुलेटवाला

पट्टीचं माझ्याकडं. ऑइल पेंटनं पट्टे मार, दोन हात. ओला असताना वरून बारीक वाळू भुरभुरव, म्हणजे पाय घसरणार नाही. रविवारी मोकळा आहे, ब्रश घेऊन येतो. आबांनाही भेटायचंय.